तुपाचा डबा आणि दोन घागरी पाणी

माझ्या आईला फार कमी ऐकू यायचं. तिशी ओलांडल्यापासूनच कान जायला लागले आणि पुढे पुढे तर मागून बैलगाडी आली तरी तिला हात धरून बाजूला ओढावं लागे. पण बाबांचा आवाज तिला ऐकू यायचा. बाबा आमच्या गावच्या मिशनच्या शाळेत मास्तर. चाळीस पोरांच्या कालव्याच्या वर चढून बोलायची सवय, त्यामुळे आवाज खणखणीत. शाळा सुटली की दारात वहाणा काढता काढताच ते विचारायचे, "जेवलीस का?" आई म्हणायची, "व्हय." बाबा म्हणायचे, "खोटं बोलतेस." ते खरंच असायचं, कारण त्यांच्याआधी ती कधीच जेवली नाही. मग दोघं जेवायला बसायची. रोज हेच तीन वाक्यांचं नाटक. आम्ही भावंडं त्यांच्या नकला करायचो.

गाव जामखेडपासून सहा-सात मैलांवर. तिथं आमचं ख्रिस्ती लोकांचं लहानसं देऊळ होतं. आमच्याकडे चर्चला देऊळच म्हणतात, आत जाताना वहाणा बाहेर काढतात आणि तिथं टाळ-पेटीवर कीर्तनही होतं. हे पुण्या-मुंबईच्या माणसांना सांगितलं की ते माझ्याकडे संशयाने बघतात. बघू देत. सुगी आटोपल्यावर एका रविवारी उपकारस्तुतीचा सण असायचा आणि त्या दिवशीचं कीर्तन बाबांचं, असं तीसेक वर्षं चाललं होतं.

बहात्तर साली बाबांच्या घशात गाठ निघाली. नगरच्या दवाखान्यात ती काढली. गाठ गेली, जीव वाचला, आवाज मात्र गेला. उरली ती नुसती कुजबुज. तोंडाशी कान नेला तर शब्द कळायचे, हातभर अंतरावर काही नाही. डॉक्टर म्हणाले, एवढ्यावर भागलं हे नशीब समजा. आम्ही समजलो.

मी तेव्हा नगरला होते. लग्न होऊन वर्ष-दीड वर्ष झालेलं, मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायची. यजमान साखर कारखान्यावर नोकरीला, शनिवारी यायचे. घरात मी आणि सासूबाई. नाताळच्या सुट्टीत माहेरी गेले तर घर कसं शांत. बाबा पाटीवर लिहून दाखवायचे. आईला वाचता यायचं, पण ती पाटीकडे बघायचीच नाही. जेवणाच्या वेळी बाबांनी हाताचा घास तोंडाशी नेऊन खूण केली, जेवलीस का म्हणून. आईने तोंड फिरवलं.

मी तिच्या कानाशी जाऊन ओरडून विचारलं, काय झालं?

"हातानं इचारत्यात," आई म्हणाली. बहिऱ्या माणसाला आपला आवाज किती मोठा आहे ते कळत नाही, त्यामुळे हे बाबांनीच काय, शेजाऱ्यांनीही ऐकलं. "हातानं भिकाऱ्याला इचारत्यात. अन् पाटीवरलं बोलणं मास्तराचं असतंय, घरधन्याचं न्हाई." मग थोड्या वेळाने म्हणाली, "तू येवढी साळंत पोरींला इजेचं शिकिवतीस. मला त्यांचा आवाज येकदा ऐकीव की."

आयुष्यात तिने माझ्याकडे काही मागितल्याचं हे पहिलंच. मी हो म्हणून बसले. कसं करणार याचा पत्ता नव्हता.

घरात वीज नव्हती. गावात ती नुकतीच आली होती आणि आमच्या वस्तीत फक्त देवळात एक दिवा आणि एक प्लग होता. म्हणजे जे काही व्हायचं ते देवळात, आणि तेही सणाच्या कीर्तनाला. जामखेडचा एक लाऊडस्पीकरवाला बाबांचा जुना विद्यार्थी. दुष्काळामुळे लग्नं लांबलेली, सामान धूळ खात पडलेलं. तो नुसत्या शब्दावर यायला तयार होता. पण त्याचा अँप्लिफायर होता लग्नातल्या बेंबीच्या देठापासून ओरडणाऱ्या लोकांसाठी. कुजबुज त्याच्यापर्यंत पोचायचीच नाही, आणि आवाजाचं बटण शेवटपर्यंत फिरवलं तर माणूस राहायचा बाजूला, भोंगाच शिट्टी मारायचा. मधे काहीतरी हवं होतं. माईकमधून येणारा बारीक आवाज आधी स्वच्छ वाढवून मग मोठ्या अँप्लिफायरला देणारं. त्याला प्रीअँप्लिफायर म्हणतात हे मला पुस्तकातून माहीत होतं. विकत घेण्याची आमची ऐपत नव्हती.

नगरला छावणीच्या बाजूला एका म्हाताऱ्या रेडिओ मेकॅनिकचं दुकान होतं. लष्करात वायरलेसवर नोकरी केलेला माणूस, सगळे त्याला उस्ताद म्हणत. दुकानात चालू रेडिओपेक्षा मेलेलेच जास्त, बहुतेक जुने, आत बल्बसारखे काचेचे वॉल्व्ह असलेले. मी जाऊन प्रीअँप करायचंय म्हटलं तर त्याने चष्म्यावरून माझ्या पायापासून डोक्यापर्यंत बघितलं.

"कोण करणार?"

"मी."

"बाई, वॉल्व्हमध्ये अडीचशे व्होल्ट असतात. ट्रान्झिस्टरचं करा. बॅटरीवर चालतं, कुणी मरत नाही."

मी म्हटलं, ट्रान्झिस्टरचं मी शाळेत करून बघितलं, नुसता खसखस आवाज येतो. चांगला ट्रान्झिस्टर मिळत नाही, मिळाला तर परवडत नाही. तुमच्याकडे वॉल्व्हचा ढीग पडलाय.

"पडलाय," तो म्हणाला. "आणि वॉल्व्हला चूक चालते. तापतो, रुसतो, पण सांभाळून घेतो. माणसाला चूक चालत नाही." मग त्याने विचारलं, कुणासाठी. मी सांगितलं. त्याने खालच्या फळीवरून एक मेलेला रेडिओ काढून माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाला, "ह्याचा ट्रान्सफॉर्मर जिवंत आहे. उघडा. इथंच, माझ्यासमोर."

पुढचे चार आठवडे शनिवार-रविवार दुपारचे मी त्या दुकानात बसले. उस्तादचा पहिला नियम, चालू यंत्रात हात घालायची वेळ आलीच तर एकच हात घालायचा, दुसरा खिशात. दोन हात आत गेले की वीज एका हातातून शिरून छातीतून दुसऱ्या हाताने बाहेर पडते. मला खिसाच नव्हता. तो अडला. मग म्हणाला, "पदर मागे घ्या आणि डाव्या हाताने तिथंच धरून ठेवा. सोडायचा नाही." आजही मी बल्ब बदलते तेव्हा माझा डावा हात पाठीमागे पदर शोधत असतो. घरचे हसतात.

दुसरी गोष्ट मंगळसूत्राची. ती मला नियमाने नाही, अनुभवाने कळली. वाकून बघत होते, मंगळसूत्र पुढे लोंबत होतं. प्लग काढलेला होता, म्हणून मी निर्धास्त. पण प्लग काढला तरी कंडेन्सरमध्ये वीज साठून राहते, आडातलं संपलं तरी पोहऱ्यात असतंच. वाटी तिथं टेकली, चट्‌ असा आवाज झाला आणि सोन्याच्या वाटीला काळा डाग पडला. मला नुसता चटका बसला. उस्ताद मात्र पांढरा पडला. त्या दिवशी त्याने मला पुढे काही करू दिलं नाही. एक रेझिस्टन्स दिला आणि सांगितलं, हा कंडेन्सरच्या दोन टोकांना कथलाने कायमचा डागून टाक, म्हणजे प्लग काढला की साठलेली वीज आपोआप गळून जाईल, आणि तरीही हात घालायच्या आधी मीटर लावून बघ. रागावला की तो मला अगं-तुगं करायचा. मला ते बरं वाटायचं.

काळा डाग घेऊन घरी गेले. सासूबाईंनी तो बघितला. कामाला बसताना हातातल्या पाटल्याही मी काढून ठेवायची, तेही त्यांना खपत नव्हतंच. घराण्यात कुणी मोकळ्या हातांनी बसलं नाही म्हणे. पण बाई व्यवहारी. दुसऱ्या दिवशी मी निघताना त्यांनी मंगळसूत्र माझ्या पाठीवर टाकलं, वरून पदर घेतला आणि ब्लाऊजला पिनेने अडकवून टाकलं. "असंच जा," म्हणाल्या, "आणि असंच ये."

प्रीअँपसाठी पत्र्याची पेटी हवी होती. नवी कोण घेणार? घरात वनस्पती तुपाचा रिकामा डबा होता. सोडा घालून उकळत्या पाण्याने तीनदा धुतला तरी तापला की त्याला करंज्यांचा वास यायचा. पण पत्रा उत्तम, कथलाचा डाग घट्ट बसायचा. मेलेल्या रेडिओतला ट्रान्सफॉर्मर, एक वॉल्व्ह, मूठभर कंडेन्सर आणि रेझिस्टन्स, एक फ्यूज. माईक लष्करी भंगारातला, धातूचा, वजनाला चांगला जड. उस्ताद म्हणाला, सगळीकडे काटकसर करा, दोन ठिकाणी करायची नाही. ट्रान्सफॉर्मर वाचवायचा नाही; काही लोक तो गाळून घरची वीज सरळ आत घेतात आणि मग माईक धरणारा गाणं म्हणता म्हणता वर जातो. आणि तिसरी तार वाचवायची नाही. प्लगची जी तिसरी तार डब्याच्या पत्र्याला जोडायची ती अर्थची. काही बिघडलं तर वीज त्या तारेने जमिनीत जाईल, माणसातून जाणार नाही. अर्थ नीट असला की यंत्राची घरघरही बंद होते. डब्यावर मी तेलरंगाने लिहिलं, "अर्थ जोडल्याशिवाय माईकला हात लावू नये." मला फार हुशारी वाटली होती त्या वाक्याची.

घरी पहिली परीक्षा घेतली. अर्थची तार नळाला बांधली, माईक स्वयंपाकघराच्या फडताळात ठेवला आणि मी बाहेरच्या खोलीत उस्तादचे लष्करी हेडफोन लावून बसले. घरघर नाही, खसखस नाही. आणि मग अगदी कानाशी बसून बोलावं तसा सासूबाईंचा आवाज. त्या पोळ्या लाटता लाटता स्वतःशीच पुटपुटत होत्या, "सून आणली का वायरमन आणला, देवालाच ठाऊक. पण बापासाठी करतेय, करू दे." मी आत जाऊन म्हटलं, आई, सगळं ऐकू येतंय बरं का. त्या जराही वरमल्या नाहीत. म्हणाल्या, "मग चांगलं झालंय तुझं यंत्र."

सणाच्या आदल्या दिवशी मी एसटीने निघाले. डबा मांडीवर, वॉल्व्ह काढून जुन्या साडीच्या चिंध्यांत गुंडाळून जेवणाच्या डब्यात. कंडक्टरने डब्याचा वास घेतला आणि विचारलं, "तूप का?" मी हो म्हटलं. त्या दिवसांत तूप नेणारी बाई म्हणून सगळी गाडी माझ्याकडे बघत होती. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दुष्काळी कामं चालू होती, माणसं ओळीने बसून खडी फोडत होती. शेतं नांगरलेली तशीच पडलेली. सुगी झालीच नव्हती, पण सुगीचे उपकार मानायचा रविवार काही कुणी पुढे ढकलला नव्हता.

रविवारी सकाळी देवळात गेलो. बायकांनी पहाटेच जमीन सारवली होती. पाणी टँकरने यायचं, तेही एक दिवसाआड, तरी सारवायला कुणीतरी अर्धी घागर काढली होतीच. जमीन अजून ओली होती. लाऊडस्पीकरवाल्याने अँप्लिफायर मांडला. भोंगा मी लावू दिला नाही. एक पेटीचा स्पीकर देवळाच्या मागच्या भिंतीशी ठेवला, बायकांच्या शेवटच्या ओळीजवळ, शिट्टी वाजू नये म्हणून माईककडे पाठ करून. आईला मी त्या स्पीकरला लागून बसवलं. ती नवं लुगडं नेसली होती आणि कुणाशी बोलत नव्हती.

प्रीअँप जोडला, वॉल्व्ह तापला. आणि जी घरघर सुरू झाली! नगरला नावालाही नव्हती, इथं पिठाची गिरणी सुरू झाल्यासारखी. मला वाटलं, प्रवासात एखादा डाग सुटला. मी बाबांना म्हटलं, जरा बोलून बघा. ते अनवाणी पुढे आले, माईकशी तोंड नेलं. काहीतरी बोलले. घरघरीत काही कळलं नाही. पुन्हा बोलले. मी स्पीकरकडे कान लावून बसले होते, म्हणून त्यांच्याकडे माझं लक्ष नव्हतं. तिसऱ्यांदा वर बघितलं तेव्हा दिसलं की ओठ माईकला लागला की त्यांची मान बारीकशी मागे झटकतेय आणि ते ओठ पुसून पुन्हा पुढे होतायत.

मी धावत जाऊन मेन स्विच बंद केला. मग त्यांना माईकपासून लांब करून स्विच पुन्हा लावला आणि माईकला टेस्टर टेकवला. टेस्टरमधला दिवा लाल झाला. परत स्विच बंद केला.

"तुम्हाला शॉक बसत होता?"

बाबांनी पाटी घेतली. लिहिलं, "मुंग्या चावल्यासारखं होतं. चालतं."

मी बाबांवर आयुष्यात पहिल्यांदा ओरडले. भर देवळात, तीस-चाळीस माणसांसमोर. "चालत नाही! तुम्ही मेलात तर तिला काय ऐकवू मी?" ते खाली मान घालून उभे राहिले, शिक्षा झालेल्या पोराने राहावं तसे. मला लगेच लाज वाटली, पण राग काही ओसरला नाही. खरं तर तो माझ्यावरचाच होता. डब्यावर अर्थ जोडा म्हणून झोकात लिहिणारी मी, आणि ती अर्थ जिवंत आहे का हे बघितलंच नव्हतं.

देवळामागे अर्थचा खड्डा होता. वीज घेताना खणलेला, त्यात लोखंडी पट्टी, कोळसा आणि मीठ. उस्तादने मला होल्डरला दोन तारा जोडलेला एक बल्ब दिला होता, अर्थ तपासायचा. सगळ्यांना लांब उभं करून एक तार प्लगच्या विजेच्या भोकाला आणि एक अर्थला लावली. अर्थ चांगली असती तर बल्ब लखलखला असता. बल्बच्या आतली तार नुसती तांबूस झाली, विझत्या उदबत्तीइतकी.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. जुन्या ट्रान्सफॉर्मरमधून थोडी वीज पत्र्यावर झिरपतेच; नगरला ती अर्थने जमिनीत जायची, इथं माईकमध्ये उतरली होती. अर्थच्या खड्ड्याला उन्हाळ्यात पाणी घालावं लागतं. माती ओली असेल तरच ती वीज घेते. नगरला मी तार नळाला बांधली होती, त्यामुळे हा विचार कधी शिवलाच नाही. इथं दोन वर्षं पाऊस नाही. माणसांना पाणी नाही तिथं खड्ड्याला कोण घालणार? आमच्याकडची जमीनच आटली होती, पार खालपर्यंत. तिकडे बाबांच्या पायाखालची सारवलेली ओल मात्र वीज घ्यायला अगदी तयार होती.

लाऊडस्पीकरवाला म्हणाला, "ताई, गुरुजींला रबरी चपला घालू द्या. मी लग्नात नवरदेवाला तसंच करतो." बाबांनी मान हलवली. तीस वर्षं ते देवळात अनवाणीच उभे राहिले होते. दुसरा कुणी म्हणाला, पाटावर उभं करा. मी विचार केला, पण पाटाने घरघर थोडीच थांबणार होती? आणि पाटावरून एक पाय खाली आला तर? उस्तादचं म्हणणं आठवलं, दुखणं यंत्राचं असेल तर औषध माणसाला देऊ नये.

"पाणी लागेल," मी म्हटलं. "खड्ड्यात घालायला. दोन घागरी तरी."

मला ते विचारायलाही जीभ रेटत नव्हती. त्या वेळी आमच्या वस्तीत दोन घागरी पाणी म्हणजे एका घराचा दिवस होता. बाबांनी पाटीवर मोठ्या अक्षरात लिहिलं, "नको. लोकांचं पाणी माझ्या आवाजासाठी ओतायचं नाही," आणि ती पाटी सगळ्यांना दिसेल अशी धरली. मग माईकच्या स्टँडची खीळ सैल करायला लागले. त्यांच्या दृष्टीने कीर्तन संपलं होतं.

मी आईकडे बघितलं. तिला यातलं काही ऐकू आलं नव्हतं. ती स्पीकरकडे तोंड करून बसली होती, वाट बघत.

तेवढ्यात एक म्हातारी उठली. बाबांच्या शाळेत तिची चारही मुलं शिकलेली. तिने मला विचारलं, "पोरी, प्यायाचंच पानी लागतं का त्येला?"

"नाही," मी म्हटलं. "कसलंही चालतं."

"भांडी इसळल्यालं?"

"तर काय! मिठाचं असलं तर उलट जास्त चांगलं. खारं पाणी वीज लवकर नेतं."

"मंग आदी का न्हाई सांगितलं?" ती म्हणाली आणि पदर खोचून बाहेर पडली. तिच्या मागे आणखी बायका गेल्या. दुष्काळात कुणी खरकटं पाणीही टाकत नसे. ते बादलीत, मडक्यात साठवून शेळीला पाजत. एकेक करून ती मडकी आली. रेशनवरच्या मिलो ज्वारीच्या तांबड्या भाकरीची कणी तरंगणारं, ताटं विसळलेलं, एकीने तर सकाळी नातवाचं तोंड धुतलेलं तांब्याभर आणलं. घरात शेळी असलेल्या एका बाईला मी म्हटलं, तुमच्या शेळीचं काय? ती म्हणाली, "ती बी संध्याकाळपत्तुर कीर्तन ऐकंल."

मी मेन स्विच बंद केला आणि तिथं एका माणसाला पहारा करायला उभं केलं. खड्ड्यावरचा दगड काढून पाणी ओतलं. माती नुसती पीत होती. पाव तास थांबलो. सगळ्यांना मागे हटवून बल्ब लावला. पिवळट. पुन्हा बंद, पुन्हा पाणी, पुन्हा थांबलो. कोणी कंटाळलं नाही. तिसऱ्या वेळी बल्ब लावला आणि तो पेटला, नगरला माझ्या घरात पेटतो तसाच. म्हाताऱ्या बायकांनी डोळ्यांवर हात धरले.

आत येऊन सगळं पुन्हा जोडलं. घरघर गेली होती. पूर्ण नाही, तळाशी थोडी होती, पण ती कानांना सवयीची होण्याइतकी. टेस्टर माईकला टेकवला, दिवा लागला नाही. मग मी वहाणा नसलेल्या पायांनी ओल्या जमिनीवर उभी राहिले, डावा हात पाठीमागे पदरात घट्ट धरला आणि उजव्या हाताची मागची बाजू माईकला लावली. काही नाही. मग ओठ लावला. काही नाही. मग बाबांना बोलावलं.

ते माईकसमोर आले. लाऊडस्पीकरवाला सवयीने म्हणाला, "गुरुजी, हॅलो हॅलो म्हणा." मी शेवटच्या ओळीत आईजवळ जाऊन बसले. सगळं देऊळ बाबांकडे बघत होतं. त्यांनी माईकशी तोंड नेलं, घाबरत घाबरत ओठ टेकवला, थांबले. मग त्यांनी त्या सगळ्या माणसांच्या डोक्यांवरून मागे, आईकडे बघितलं.

"जेवलीस का?" स्पीकर म्हणाला.

कुजबुजच होती. पण तिच्यात त्यांचा श्वास होता, जिभेचा जडपणा होता, प्रश्न विचारताना शेवटी वर जायची त्यांची ती पट्टीही होती. आई दचकली. तिने पुढे बाबांकडे बघितलंच नाही. स्पीकरच्या जाळीवर हात ठेवला आणि त्या पेटीलाच उत्तर दिलं, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात.

"व्हय."

ती जेवली नव्हती. नुसतं त्याच दिवशी नाही. त्या हिवाळ्यात आपल्या वाटची भाकरी ती रोज बाबांसाठी झाकून ठेवायची आणि आपण जेवलो असं भासवायची. हाताने खूण करणाऱ्याशी खोटं बोलायला सोपं जातं, ती फक्त तोंड फिरवायची. हे मला त्या सकाळपर्यंत माहीत नव्हतं, नंतर बाबांनी पाटीवर लिहून सांगितलं. तिची मनगटं किती बारीक झालीत ते मी तिच्या शेजारी बसूनही बघितलं नव्हतं. बाबा मात्र रोज बघत होते आणि त्यांना बोलता येत नव्हतं.

स्पीकरमधून आधी त्यांचा नुसता श्वास आला. मग शब्द.

"खोटं बोलतेस."

आईने जाळीवरचा हात काढून पदर तोंडाला लावला. बाबा माईक सोडून चालत तिच्यापर्यंत आले, तिला हाताला धरून उठवलं आणि घरी घेऊन गेले. तीस-चाळीस माणसं, लाऊडस्पीकरवाला आणि मी, आम्ही सगळे त्यांचं जेवण होईपर्यंत बसून राहिलो. कीर्तन त्यानंतर सुरू झालं.